विलासचे सहा क्यूब

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "ताई, एकतीस वर्षं लॅबमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत?"

मी म्हटलं, "फोडलं."

ते हसले. मी गंमत केली नव्हती. घर, शाळा, पूल, पाण्याची टाकी, काहीही बांधताना जे काँक्रीट ओततात, त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरतात. सहा इंच लांब, तेवढंच रुंद, तेवढंच उंच. दुसऱ्या दिवशी साचा उघडला की निघतो तो क्यूब. वजन आठ किलो. तो अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग मशीनमध्ये घालून वरून दाब देत जायचं, फुटेपर्यंत. किती दाबाला फुटला तो आकडा लिहायचा. आकडा पुरेसा असेल तर बांधकाम पुढे. नसेल तर थांबवा, नाहीतर पाडा. त्या आकड्याखाली माझी सही.

लोकांना वाटतं यात काय कठीण आहे. एकदा एक गृहस्थ क्यूबला हळद-कुंकू लावून, टॉवेलात गुंडाळून घेऊन आले होते. स्वतःचं पहिलं घर. मशीन सुरू झाल्यावर ते हात जोडून उभे राहिले, फुटल्याचा आवाज आला तसे दचकून म्हणाले, "फुटला हो!" मी म्हटलं, "काका, फुटायलाच हवा. किती वेळानं फुटला ते बघा."

त्या वेळाची गोष्ट सांगते. दाब ठरलेल्या वेगानंच द्यावा लागतो. चांगल्या काँक्रीटला पावणेदोन-दोन मिनिटं लागतात. मशीनच्या तबकडीवर काटा चढत जातो, आणि फुटायच्या आधी एक क्षण जागीच थांबतो. एकतीस वर्षांत त्या क्षणाची मला सवय झाली नाही. त्या क्षणी तुम्हाला काहीतरी हवं असतं. पास व्हावा, किंवा होऊ नये. काम असं की काहीही हवं असता कामा नये.

मी उमरेडची, कोष्ट्याची पोर. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते. रोज एसटीनं नागपूरला यायचं, सिव्हिलच्या वर्गात आम्ही दोनच मुली. त्याच एसटीत आमच्याच गल्लीतला विलास असायचा. त्याचे वडीलही मागावरच. पास झालो एकाच वर्षी, लकडगंजच्या लॅबमध्ये नोकरीला लागलो एकाच दिवशी.

लॅब सॅम्युअल सरांची. आजूबाजूला आरा मशीन, दिवसभर लाकूड कापल्याचा आवाज, आणि मधे आमची ही बारकी शेड. सर उंच, वाकलेले, दात कायम दुखत असलेले. टेबलाच्या वरच्या खणात त्यांचं मराठी बायबल असायचं, त्याच खणात फूटपट्टी आणि लवंगांची डबी. उपदेश करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं वाचायचे, बस.

विलास हुशार होता. माझ्यापेक्षा हुशार, हे आज लिहायला हरकत नाही. तिसऱ्या वर्षी मला टाकीत एका पार्टीचे नऊ क्यूब दिसले, अख्खेच्या अख्खे. त्यांचा रिपोर्ट तर आदल्या आठवड्यात गेला होता. आमच्या धंद्यात याला टेबलावर क्यूब फोडणं म्हणतात. मशीन चालूच करायचं नाही, खुर्चीत बसून आकडे लिहायचे. मी सरांना सांगितलं. सरांनी ते नऊच्या नऊ स्वतः फोडले, नवा रिपोर्ट पाठवला, आणि विलासला बोलावलं. विलास म्हणाला, "सर, पासच झाले ना? मंग मी काय वेगळं लिहिलं होतं?" आणि त्याच दुपारी पिशवी उचलून गेला.

दोन वर्षांनी त्याची स्वतःची लॅब निघाली. तिथे सकाळी क्यूब द्या आणि दुपारी रिपोर्ट न्या, असं लोक कौतुकानं सांगायचे. क्यूब न देताही मिळतो, हे जरा हळू आवाजात सांगायचे. मग तो कंत्राटदार झाला. नागपूरच्या कडेला, बेसाला, तीन मजली बंगला बांधला. बाबा त्याच्या वास्तूला जाऊन आले आणि माझ्या दोन खोल्यांत बसून पाणी पिता पिता म्हणाले, "त्याच्या घरात लिफ्ट आहे वं. मले दोन चकरा मारून आणलं." मग ग्लास खाली ठेवून, "तू त्याच्यासंगच शिकली होती ना?"

बाबांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. म्हणूनच ते इतकं लागलं.

मी त्याच्यावर जळत होते. दुसरा सोज्वळ शब्द सापडला असता तर वापरला असता. स्कूटी पंक्चर झाली की विलास आठवायचा. एका शाळेच्या गॅदरिंगला तो पाहुणा म्हणून आला, प्रामाणिकपणावर बोलला, असं कळलं त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला. सरांना म्हटलं, "देव झोपला आहे काय हो तुमचा?"

सरांनी खणातून पुस्तक काढलं नाही. लवंग दाढेखाली सरकवून म्हणाले, "बायबलातल्या स्तोत्रांमध्ये एक गाणारा आहे, बेटा. देवळात गायचा. त्यालाही हेच दिसलं. वाईट वागणारे गलेलठ्ठ, अंगावर ओरखडा नाही, आणि आपण रोज हात धुऊन स्वच्छ राहतो ते फुकट. चिडला तो."

"मंग?"

"मंग म्हणतो, माझा पाय घसरलाच होता."

"सर, त्या गाणाऱ्याले बेसाले प्लॉट घ्यायचा नव्हता."

"असेल घ्यायचा," सर म्हणाले. "उगाच काय एवढा चिडला?"

मी हसले आणि विसरले. पाय कोणाचा घसरला, हे मी नीट ऐकलंच नव्हतं.

नंतर अनेक वर्षांनी, एका मे महिन्यात, बेसाच्या मुलींच्या शाळेचे सहा क्यूब आमच्याकडे आले. शाळेचे वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. नवी इमारत बांधायचं काम विलासकडे. मुख्याध्यापिका मोहोड मॅडम सावध बाई. त्यांनी अट घातली, की स्लॅबचे क्यूब विलासच्या लॅबमध्ये जाणार नाहीत, आमच्याकडे येतील. तीन फोडायचे, तीन राखीव. जूनच्या शेवटी शाळा उघडणार, त्याआधी वरचं काम संपायला हवं होतं.

चिठ्ठीवर विलासचं नाव वाचलं तेव्हा मला जे झालं त्याला आनंद म्हणतात. मी सत्तावीस दिवस त्या टाकीकडे बघत होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी सर सकाळीच दातांच्या डॉक्टरकडे गेले. शेडमध्ये मी एकटी.

इथे एक गोष्ट समजून घ्या. साच्यात काँक्रीट भरल्यावर पाच बाजू लोखंडाला टेकलेल्या असतात, त्या गुळगुळीत निघतात. वरची बाजू उघडी, ती थापीनं सारखी करतात, तरी खरबरीतच राहते. मशीनमध्ये क्यूब ठेवताना तो आडवा करायचा, म्हणजे दाब गुळगुळीत बाजूंवर येतो. खरबरीत बाजू वर ठेवली तर मशीनची प्लेट फक्त उंचवट्यांवर टेकते, सगळा दाब तिथेच जमतो आणि चांगला क्यूबही लवकर फुटतो. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. नवी मुलं विसरतात. वीस वर्षं हेच करणारी बाई विसरत नाही.

मी क्यूब टाकीतून काढला, पुसला, आणि खरबरीत बाजू वर ठेवून मशीनमध्ये सरकवला.

हात असं करतोय हे मला दिसत होतं. मनात एक वाक्य तयार होतं: याच्या शंभर खोट्या रिपोर्टांपुढे ही एक बाजू म्हणजे काय?

त्या स्लॅबला आकडा पंचवीस हवा होता. काटा चढला, अठरावर थांबला. फुटला. दुसरा सतरा. तिसरा एकोणीस. मी रजिस्टरमध्ये आकडे लिहिले, स्वच्छ अक्षरात.

आमचा नियम होता की सरांच्या सहीआधी निकाल कोणालाही फोनवर सांगायचा नाही. मी मोहोड मॅडमना फोन लावला. क्यूब फेल झाले, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाडावं लागेल का हो?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"सगळाच?"

त्यांनी तासाभरात काम बंद केलं. दुपारी दोनला विलास शेडच्या दारात उभा. गाडी रस्त्यावर तशीच उघडी टाकून आला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. वीस वर्षांत तो असा मी पाहिला नव्हता.

"कुंदे, काय सांगितलं वं तू मॅडमले?"

"मशीननं जे सांगितलं ते."

"होऊच शकत नाही."

"काहून? टेबलावर फोडले असते तर पास झाले असते, नाही?"

तो चिडला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. जवळ आला आणि हळू म्हणाला, "हे पाह्य. बाकी कुठं काय केलं ते तुले माहीत आहे, मी नाकारून नाही राहिलो. पण इथं नाही केलं. माझी पोरगी शिकते त्या शाळेत. त्याच स्लॅबखाली बसणार हाये ते. मी स्वतः उभा राहून माल टाकला."

"मग लोकांच्या पोरी कशाखाली बसतात रे?" मी म्हटलं.

हे वाक्य मी कित्येक वर्षं घोळवून ठेवलं होतं. बरोबर वेळी बोलायला मिळालं. तो बाहेर गेला आणि गाडीला टेकून उभा राहिला. आणि मला वाटायला हवं होतं तसं काहीच वाटलं नाही.

तीनला सर आले. गाल सुजलेला, तोंडात कापूस. नेहमीप्रमाणे आधी फुटलेल्या तुकड्यांच्या ढिगाकडे गेले. क्यूब नीट फुटला तर चारी बाजूंची सालं निघतात आणि मधे डमरूसारखा आकार उरतो. विलासचे क्यूब एका अंगानं ढासळले होते. सरांनी एक तुकडा उचलला, खरबरीत बाजूवरून अंगठा फिरवला. उंचवटे तेवढे चिरडून पांढरे झालेले, खोलगट भाग जसाच्या तसा. माझ्या टेबलापर्यंत आले, तुकडा माझ्यासमोर ठेवला, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. रजिस्टर उघडंच होतं. त्यांनी सही केली नाही.

तीन ते साडेपाच. आरा मशीन चालू होती. तो तुकडा समोर. मी मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. विलास याच लायकीचा आहे. राखीव तिघांचं काहीतरी कारण काढता येईल. सर म्हातारे झालेत, बोलणार नाहीत. प्रत्येक गोष्ट पटत होती, आणि प्रत्येकीच्या शेवटी मोहोड मॅडमचं ते "सगळाच?" ऐकू येत होतं.

साडेपाचला सर टोपी घ्यायला उठले तेव्हा मी उठले.

"सर, मी खरबरीत बाजू वर ठेवली होती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कापसामुळे शब्द जड येत होते. "चुकून?"

त्यांनी मला सुटकेचं दार उघडून धरलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. चूक कोणाकडूनही होते, उद्या दुरुस्त, गोष्ट संपली. विलासचं नुकसान नाही, माझं नाव शाबूत. मशीनचा काटा थांबतो तसा तो क्षण होता.

"नाही," मी म्हटलं.

सर परत खुर्चीत बसले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सुजलेला गाल धरला. मग म्हणाले, "त्या गाणाऱ्याबद्दल मी तुला सांगितलं तेव्हा तू हसली होतीस. मला ते गाणं पाठ आहे, का माहीत आहे? विलास गेल्यावर दोन वर्षं मी रोज त्याचं वाईट व्हावं म्हणून वाट बघत होतो." उठले. "उद्या मॅडमला बोलव. विलासलाही. तूच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये चौघं. मी उभी राहून सांगितलं. काय केलं, कसं केलं, आणि मुद्दाम केलं. विलास हसायला लागला. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हंजे तू बी! अरे बाप्पा! मी टेबलावर फोडतो, तू मशीनवर फोडते. एवढाच फरक झाला ना वं आपल्यात?"

मी टाकीकडे वळले.

राखीव तीन क्यूब मी आडवे ठेवले, सरांनी वेग सांभाळला. एकोणतीस, तीस, एकोणतीस. तिन्ही डमरू. विलासनं टाळी वाजवली. "चला मॅडम, कामाले लागू."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती, ती या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. क्यूबसाठी वेगळा, जास्त सिमेंटचा माल कालवून देता येतो. लॅबमध्ये जातो तो उत्तम आणि स्लॅबमध्ये पडतो तो दुसराच. विलास हे कोळून प्यायला होता. खात्री हवी असेल तर बांधलेल्या बीममधूनच गोल कटरनं तुकडा कापून काढायचा आणि तो तपासायचा. त्याला कोअर म्हणतात.

"मॅडम, कोअर काढा," मी म्हटलं.

विलासचं हसू गेलं. "आता काहून? पास झाले ना तुह्याच हातानं? जळून राहिली तू, दुसरं काय!"

मोहोड मॅडम माझ्याकडे वळल्या. "खरं सांगा. हे तुम्ही इंजिनिअर म्हणून म्हणताय की रागानं?"

आदल्या दिवसापर्यंत मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आता आत चाचपून पाहिलं तर दोन्ही एकमेकांत इतके कालवलेले, की वेगळे करता येईनात.

"मला सांगता येत नाही, मॅडम," मी म्हटलं. "म्हणून मी त्याला हात लावणार नाही. सर काढतील, सर तपासतील."

सरांनी तीन कोअर काढले. तपासले त्या दिवशी मी शेडबाहेर चहाच्या टपरीवर बसून होते. विलासही आला, दुसऱ्या बाकावर बसला. एकदा त्यानं नखं खाल्लेली दिसली, एसटीत निकालाच्या दिवशी खायचा तशीच. आणि मला पहिल्यांदा वाटलं, पास होऊ दे. त्याच्यासाठी वाटलं की त्या पोरींसाठी, याची चौकशी मी केली नाही.

कोअर पास झाले. चांगले पास झाले. तो खरं बोलत होता.

शाळा जूनमध्ये उघडली. विलासनं लॅबमध्ये संत्रा बर्फीचा डबा पाठवला. मी एक वडी खाल्ली. बर्फी चांगली होती.

वाचकांना वाटत असेल, पुढे विलासचं काय झालं. काही झालं नाही. बंगल्यावर आता चौथा मजला आहे. त्याच्या लॅबच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या बाकीच्या इमारती किती मजबूत आहेत, मला माहीत नाही. त्यांच्या खालून जाताना मी वर बघते. आणि माझी खरी हळहळ तिथेच आहे. त्याच्याविरुद्ध लिहून द्यायला, उभं राहून सांगायला मी एकटीच लायक होते. मला सगळं माहीत होतं. पण त्या सकाळनंतर मी तोंड उघडलं असतं तर त्यानं एवढंच विचारलं असतं, की बाई, ती खरबरीत बाजू कोणी वर ठेवली होती? तीन क्यूबच्या बदल्यात मी माझी साक्ष घालवली. त्याला धक्कासुद्धा लागला नाही.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना क्यूब कळला नाही, पण गोष्ट कळली. म्हणाले, "एक धागा चुकला तर तेथपर्यंत उकलत जा लागते, बाई. मंग हात दुखो का काही होवो." लिफ्टचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या वर्षीपासून मी लॅबमध्ये एक पद्धत पाडली. क्यूब आला की त्यावर फक्त नंबर टाकायचा. नाव, गाव, कंत्राटदार, सगळं चिठ्ठीवर लिहून सरांच्या वरच्या खणात, बायबलखाली. फोडणाऱ्यानं खण उघडायचा नाही. आकडा लिहून झाल्यावरच चिठ्ठी काढायची. नव्या मुलींना मी रजिस्टरमधलं ते पानही दाखवायचे. अठरा, सतरा, एकोणीस, त्यांवर एक आडवी रेघ, आणि खाली माझ्याच अक्षरात: "क्यूब मुद्दाम चुकीचे ठेवले. माझा दोष." खाली सही. मुली आधी हसायच्या, मग पुन्हा वाचायच्या. एकीनं विचारलं, "मॅडम, पान फाडून काहून नाही टाकलं?" मी म्हटलं, "नंबर टाक त्या क्यूबवर."

सर चार वर्षांपूर्वी गेले. खण तसाच ठेवला, पुस्तकासकट, लवंगांच्या डबीसकट.

मागच्या वर्षी माझा शेवटचा दिवस होता. मुलींनी हार आणला, समोसे आणले, आणि म्हणाल्या, शेवटचा क्यूब मॅडम फोडतील. मी तो पुसला, आडवा केला, आत सरकवला. काटा चढत गेला. एकतीसवर थांबला. मी वाट बघत उभी होते, आणि मला काहीही नको होतं.

फुटला. छान डमरू उरला. आकडा लिहिला, सही केली, हात धुतले, समोसा खाल्ला. एसटी स्टँडपर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की क्यूब कोणाचा होता ते बघायचंच राहून गेलं. चिठ्ठी खणातच असेल.